आधी पोच, मग प्रसिद्धी

गेल्या काही महिन्यांत वाचकांकडून आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: सर्वेक्षणात नोंदलेली पांढर, म्हणजे जुन्या वसाहतीचे टेकाड, परत पाहायला गेलो, तर ते जागेवर नव्हते. एका वाचकाने सोबत गौण खनिज परवान्याची प्रत जोडली आहे. किती ब्रास माती, किती स्वामित्वधन, कोणता गट, खाली तहसीलदारांची सही. सगळे रीतसर. त्याच टेकाडावर ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीची आणि सातवाहन काळाची खापरे मिळाल्याचे एका प्रबंधात छायाचित्रांसह नोंदलेले आहे. ती माती आता रस्त्याच्या भरावात आहे.

तहसीलदारांना दोष देणे सोपे आहे. पण अर्ज टेबलावर आला तेव्हा त्या गटात प्राचीन वसाहत आहे असे सांगणारा एकही कागद त्यांच्यासमोर नव्हता. केंद्राचा 1958 चा आणि राज्याचा 1960 चा प्राचीन स्मारकांबाबतचा कायदा अधिसूचित स्थळांपुरता चालतो. 2010 च्या दुरुस्तीने आलेली 100 आणि 200 मीटरची बंधनेही केंद्र संरक्षित स्थळांभोवतीच आहेत. जोर्वे संस्कृतीची 200 हून अधिक स्थळे आपण लेखांतून मोजतो. पण इनामगावसारखे 1968 पासून 1983 पर्यंत चाललेले उत्खनन फार थोड्यांच्या वाट्याला आले. बाकीच्या स्थळांचा पुरावा म्हणजे कुणीतरी पायी हिंडून केलेली स्थळयादी, आणि महसूल खात्याला ती यादी आज वापरताच येत नाही.

कोणताही जुना प्रबंध उघडा. ‘गावाच्या ईशान्येस अर्धा किलोमीटर, ओढ्याच्या डाव्या तीरावर’ एवढे वर्णन, पुढे टोपोशीटवरून मिनिटापर्यंत काढलेले अक्षांश-रेखांश. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर साधारण 1.8 किलोमीटर. एवढ्या पट्ट्यात कोणता गट आपला, हे तलाठ्याने कसे ओळखायचे? सातबारा, फेरफार, बिनशेती, खनिज परवाना, सगळे गट नंबरावर चालते. 1947 च्या कायद्याखाली जिथे जमिनींचे एकत्रीकरण झाले, तिथे जुना सर्व्हे नंबर लिहिलेला असूनही भागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून 9(3), 9(4) चे उतारे काढून तो नव्या गटाशी जुळवावा लागतो.

यादी महसूल खात्यापर्यंत पोहोचवायला निघालेल्यांचे काय होते, तेही ऐका. एक संशोधक विद्यार्थी आपली यादी दाखल करायला तालुक्याला गेला. महसूलवाले म्हणाले, पुरातत्त्व खात्याचे पत्र आणा. खात्याचे म्हणणे, स्थळ संरक्षित नाही, तर पत्र कशाच्या आधारावर देऊ? मग संरक्षणाचा प्रस्ताव घ्या, असे त्याने सुचवले. प्रस्तावाला सातबारा आणि मोजणी नकाशा लागतो, तो महसुलाकडून आणा, असे उत्तर मिळाले. दोन्ही कार्यालये आपापल्या नियमाने वागली आणि यादी त्याच्या पिशवीतून परत आली. साध्या आवक क्रमांकासाठी विद्यार्थ्याला असे हिंडवणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी एका परिपत्रकाने ती थांबवावी.

पण आपल्यापैकी कितीजण तालुक्याला गेले? 2009 पासून प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक आहे. ती शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढली की कर्तव्य संपले असे मार्गदर्शक मानतात. 2007 च्या राष्ट्रीय स्मारक व पुरावस्तू अभियानासाठी भरलेले तक्ते दिल्लीला गेले. तालुक्याला काय गेले? इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाकडे अशी नोंद असते, बांधकामाचा अर्ज आला की ती पाहिली जाते, आणि 2023 च्या कायद्यात ती ठेवणे बंधनकारक करण्याची तरतूद आहे. आपल्याला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. तलाठी, तालुका, गट नंबर ही सगळी व्यवस्था आधीपासून आहे.

स्थळाचा पत्ता फुटला तर चोर पोहोचतील, ही भीती खरी आहे. म्हणून यादी चव्हाट्यावर मांडू नका. ती तहसीलदार आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे द्या. ‘माझा शोध आधी छापून येऊ दे’ हा आक्षेप मात्र आम्हाला मान्य नाही. लेख छापून येईपर्यंत जेसीबी थांबत नाही. शेतकऱ्याला वाटते की नोंद झाली की जमीन गेली. त्याच्या बांधावर बसून सांगा की नांगरट, पेरणी चालूच राहील. माती उचलण्याआधी फक्त विचारायचे आहे. 1974 साली दायमाबादचा ब्राँझचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा एका शेतकऱ्यालाच झाडाचे मूळ खणताना सापडले. गावाने आजवर आपल्याला इतके दिले, आपणही गावाला काही सांगणे लागतो.

तेव्हा दिवाळीनंतर सर्वेक्षणाचा हंगाम सुरू होण्याआधी एवढे करा. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्याकडचे सर्वेक्षणाचे प्रबंध काढावेत. प्रत्येक स्थळाला एक पान: गाव, तालुका, गट नंबर, चार कोपऱ्यांचे जीपीएस, क्षेत्र, काळ, आजची अवस्था, एक छायाचित्र. महाभूनकाशावर गटांच्या हद्दी दिसतात, घरबसल्या पहिली जुळणी होते. मग जागेवर जाऊन खातरजमा करा. नव्या प्रबंधात हे पान नसेल तर परीक्षकांनी तो परत पाठवावा. निवृत्त प्राध्यापकांनो, तुमच्या कपाटातल्या क्षेत्रवह्या विद्यार्थ्यांच्या हाती द्या. त्यांत लिहिलेले पुष्कळ काही आज फक्त तिथेच उरले आहे.

आमच्यापुरता निर्णय आम्ही घेतला आहे. डिसेंबरच्या अंकापासून सर्वेक्षणाचा लेख पाठवताना स्थळयादी तहसिलीत दिल्याची पोच जोडावी. पोच नसेल, तर लेख कितीही उत्तम असला तरी छापला जाणार नाही.