परतीची वाट

पावसाचा जोर ओसरू लागला, की मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्रीनंतर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. पुण्याहून, नाशिकहून, डोंबिवलीहून आलेली कुटुंबे काचेच्या दारापाशी उभी असतात. तेवीस किलोंच्या मर्यादेत कशाबशा बसविलेल्या बॅगांत मेतकूट असते, थालिपिठाची भाजणी असते, नवा कुकर असतो. आजीला हातावर दही घालावयाचे असते. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो मुलगा डोळ्यांतले पाणी दिसू नये म्हणून पुनःपुन्हा पासपोर्ट तपासून पाहत असतो. २०२३-२४ या वर्षात एकट्या अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. या संख्येचा अभिमान वाहणारे पुष्कळ आहेत. आम्हांस आज लिहावयाचे आहे ते परत येणाऱ्याविषयी. कारण त्याच्यासाठी त्या दारापाशी अशी गर्दी जमत नाही.

वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. त्या काळातील आमचा एक विद्यार्थी, आता स्वतःच बाप झालेला, मुलाला कॅनडात प्रवेश मिळाला म्हणून आमच्या कार्यालयात पेढे घेऊन आला होता. पुढे बऱ्याच दिवसांनी भेटला तेव्हा मुलाचा विषय तो टाळू लागला. खोदून विचारले तेव्हा कळले, की मनासारखे काम न मिळाल्याने मुलगा परत येऊन चार महिने झाले आहेत, आणि सोसायटीत कोणी चौकशी करू नये म्हणून त्याला सांगलीस मामाकडे ठेवले आहे. गुन्हा करून दडून बसलेल्या माणसाप्रमाणे एका पदवीधर तरुणाने दिवस काढावेत, असे त्याच्या हातून घडले तरी काय?

जे घडते ते घरी कळतच नाही, ही यातील खरी गोम आहे. पूर्वी पत्रांत खरे लिहिण्याचा संकोच असे; आता रोज समोरासमोर बोलता येते, परंतु घरच्यांना दिसते ती खोलीतील नीट आवरलेली एकच भिंत. त्या भिंतीअलीकडे तिघांनी वाटून घेतलेली जागा असते, दुपारी चार वाजताच काळोख करणारा उत्तरेकडील डिसेंबर असतो, आठवड्याला नेमून दिलेल्या तासांपुरतेच करता येणारे उपाहारगृहातील वा ग्रंथालयातील काम असते. आणि या सर्वांवर कर्जाचा आकडा असतो. साडेसात लाखांवरील कर्जाला सरकारी बँका सामान्यतः तारण मागतात, आणि मध्यमवर्गाकडे तारण म्हणजे राहते घर. हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र आधीपासूनच चढत असते. इकडे अमेरिकेत पदवीनंतर साधारण वर्षभर काम करण्याची जी मुभा मिळते, तीत ९० दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही. तेव्हा आईने ‘जेवलास का?’ असे विचारले, तर मुलगा ‘जेवलो’ असेच सांगणार.

त्यातच नियम बदलतात, आणि ते विद्यार्थ्याला विचारून बदलत नाहीत. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब बरोबर आणण्यास मनाई केली. त्याच महिन्यात कॅनडाने परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि खर्चासाठी दाखवावयाची रक्कम १० हजार डॉलरवरून २० हजार ६३५ डॉलरवर नेली. २०२५ च्या मेअखेरीस अमेरिकेने विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे काही आठवडे थांबविले, तेव्हा प्रवेश हाती आणि कर्ज मंजूर अशा स्थितीत कित्येक मुले दारांत तिष्ठत राहिली. अशा खेळात जो हरतो त्याला नालायक ठरविणे हा शुद्ध अन्याय होय.

तर मग कोणी जाऊच नये काय? असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्या घरांत मुलगा आपले ताट उचलीत नाही त्या घरांतील मुलगा तेथे स्वतःचे संडास घासतो, आणि एवढ्याने शहाणा होतो. प्राध्यापकांना भर वर्गात ‘आपले म्हणणे मला पटत नाही’ असे म्हणता येते, हा अनुभव आमच्या शाळांनी त्याला दिलेला नसतो; आम्हीही शिक्षक असताना दिला नाही, हे कबूल केले पाहिजे. नाव ऐकून घरमालकाने जागा नाकारली, की आपण अल्पसंख्य असणे म्हणजे काय हे त्याला प्रथमच कळते. आणि पुण्यामुंबईच्या आपल्याच सोसायट्यांत कोणाकोणाला जागा नाकारली जाते, हेही त्यावेळी आठवले तर बरे.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेचे स्मरण होते. १९१३ मध्ये ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तेथून १९१६ मध्ये लंडनला. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली. ज्यांना न्यूयॉर्कमध्ये राहावयास जागा मिळाली होती त्यांना बडोद्यात मिळाली नाही. पारशी विश्रांतिगृहातूनही हुसकावले गेले. आजच्या हिशेबाने पाहता हा ‘अयशस्वी’ विद्यार्थी होता. परंतु तोच विद्यार्थी मुंबईत प्राध्यापकी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांचे आणि मित्राचे साहाय्य घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाला. कोलंबियाची पीएच.डी. तर १९२७ मध्ये पदरात पडली. लंडनच्या विद्यापीठाने पुन्हा येण्याची सवलत दिली होती, आणि येथे हात देणारे कोणी होते, म्हणून हे घडले.

तो हात आज सरकारचा असावयास हवा. अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी असलेली केंद्राची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. परंतु २०२५ च्या जुलैमध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी प्रारंभी ४० जणांच्याच हाती पत्रे पडली. आणि २०२२ च्या नियमांनी तर भारताची संस्कृती, इतिहास व समाज यांवरील संशोधनविषयच या शिष्यवृत्तीतून वगळले. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचला होता. तो विषय घेऊन एखादा तरुण या नियमांपुढे गेला असता, तर त्याचा अर्ज पहिल्याच टेबलावर अडला असता. हा नियम करणाऱ्यांना त्यातील विसंगती दिसली नसेल, यावर विश्वास ठेवणे आम्हांस जड जाते.

घरच्यांनी करावयाचे ते याहून सोपे आहे. कर्जाचा आणि खर्चाचा हिशेब जाण्यापूर्वीच मुलासमोर मांडावा, परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवावेत, आणि ते कशासाठी आहेत हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. नातेवाइकांना काय सांगावयाचे याची चिंता त्याच्यावर टाकू नये. उद्योगांनी आणि विद्यापीठांनीही परदेशातून परतलेल्याला ‘तिकडे का जमले नाही?’ या प्रश्नाऐवजी तो काय शिकून आला हे विचारावयास हरकत नसावी.

आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्यास आम्ही सांगितले, की मुलाला सांगलीहून बोलावून घे आणि एकदा आमच्याकडे घेऊन ये. तो गेल्या आठवड्यात येऊन गेला. प्रारंभी वडीलच बोलत होते. मग ते गप्प बसले, आणि मुलगा दोन तास बोलत राहिला. त्यातील निम्म्या गोष्टी वडील प्रथमच ऐकत होते.