रीसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे

'तक्रार निकाली काढली' आणि 'तक्रारीचे कारण दूर केले' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आपल्या प्रशासनात रजिस्टर असते. दुसरीसाठी रकानासुद्धा नसतो. याचे उदाहरण म्हणून मी एक तांत्रिक विषय घेणार आहे. 'हे तांत्रिक आहे' असे म्हणून अधिकारी ज्यातून अंग काढून घेतात, तोच विषय घेणे अधिक योग्य.

गुरुग्रामच्या पुढे, दिल्ली-जयपूर महामार्गालगतच्या मानेसरला कारखाने, संशोधन संस्था, प्रशिक्षण केंद्रे यांची विस्तीर्ण आवारे आहेत. आपल्यापैकी अनेक मराठी मंडळी तिथे नोकरीनिमित्त राहतात. अशाच एका आवाराच्या कामकाजाशी माझा संबंध आला. मुख्य इमारतीच्या गच्चीवर एक रेडिओ आणि फाटके, कर्मशाळा, वसतिगृह येथे त्याच्याशी बोलणारे लहान रेडिओ, अशी तिथली इंटरनेटची व्यवस्था होती. खोदाई नको, केबल नको. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्र सरकारने 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील 605 मेगाहर्ट्झ इमारतीबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त केले, तेव्हापासून अशा जोडण्या उभारणे सोपे झाले. मात्र परवानामुक्त म्हणजे शेजारच्या कारखान्यालाही मुक्त, हे निविदा काढताना कोणी ध्यानात घेत नाही.

मागच्या फाटकाची जोडणी वारंवार तुटत असे. नेमके तिथेच कंत्राटी सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार अंगठा लावून हजेरी देत. अंगठा नोंदला गेला नाही की माणूस गैरहजर आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. साहेबांची जोडणी तुटली तर एखादा ईमेल उशिरा जातो. या माणसांची तुटली तर चूल अडते. कायद्याने कामगाराच्या गैरहजेरीबद्दल मजुरी कापता येते. यंत्राच्या गैरहजेरीबद्दल ती कापण्याचा अधिकार कोणी दिला?

तक्रार झाली की कंत्राटदाराचा माणूस येई, रेडिओ बंद करून पुन्हा चालू करी, जोडणी येई आणि तक्रार बंद होई. कारणाच्या जागी हिवाळ्यात 'कोहरा' आणि पावसाळ्यात 'बारिश' लिहिले जाई. वास्तविक 5 गिगाहर्ट्झच्या लहरींना एखाद-दोन किलोमीटरच्या अंतरात धुके वा पाऊस फारसा अडवू शकत नाही. ओलावा त्रास देतो तो नीट न झाकलेल्या कनेक्टरमध्ये शिरून, आणि तो दोष आभाळाचा नसून बसवणाऱ्याचा असतो.

रीसेटचा याहून मोठा अपराध असा की तो पुरावा नष्ट करतो. असल्या बऱ्याच रेडिओंमधील नोंदी तात्पुरत्या स्मृतीत असतात. वीज गेली की त्या पुसल्या जातात. पंचनाम्याआधी घटनास्थळ धुऊन काढणाऱ्या हवालदाराला आपण निलंबित करू. इथे मात्र तेच करणाऱ्याला वेळेत तक्रार निवारल्याचे श्रेय मिळते.

नोंदी वाचल्या तर कारण शोधणे फार अवघड नसते. सगळी टोके एकदम तुटली, तर दोष केंद्राकडे पाहावा: वीजपुरवठा, किंवा रडारची चाहूल लागून यंत्राने वाहिनी सोडणे. रडारशी वाटून घ्याव्या लागणाऱ्या पट्ट्यांत यंत्र नव्या वाहिनीवर किमान 1 मिनिट नुसते ऐकते, मग बोलते. एकच टोक तुटत असेल, तर तिथला अँटेना हलला आहे का, मध्ये झाड वाढले आहे का, केबलमध्ये पाणी शिरले आहे का हे पाहावे. आणि गर्दीच्याच वेळी काही टोके तुटत असतील, तर बहुधा ती टोके केंद्राला ऐकतात पण एकमेकांना ऐकत नाहीत. म्हणून एकदमच बोलतात आणि केंद्राला कोणाचेच कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे केंद्राने प्रत्येकाला पाळी नेमून देणे. सभा चालवलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला हे समजायला अडचण नसावी.

आपल्याच पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने अशाच बिनतारी जोडण्यांनी गावांपर्यंत इंटरनेट नेले. तेव्हा तंत्रज्ञानच कुचकामी आहे, ही सबब चालणार नाही.

'अधिकाऱ्याने रेडिओ दुरुस्त करायचा का?' असा प्रश्न मला विचारला जातो. नाही. पण जमिनीची मोजणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला साखळी ओढता यावी लागत नाही. काय विचारायचे ते कळावे लागते. माझ्या मते प्रत्येक करारात तीन अटी हव्यात. रेडिओंच्या नोंदी वेगळ्या संगणकावर आपोआप साठवाव्यात आणि त्या जतन केल्याशिवाय रीसेट करू नये. त्याच टोकाची तिसरी तक्रार आली की कारण लिहून, छायाचित्रासह दाखवल्याशिवाय ती बंद होऊ नये. आणि जोडणी तुटलेल्या काळातली हजेरी कागदी रजिस्टरवरून ग्राह्य धरावी. कामगाराने उपस्थिती सिद्ध करण्याऐवजी कंत्राटदाराने यंत्र चालू होते हे सिद्ध करावे.

या अटींना फारसा खर्च नाही. तरीही त्या घातल्या जात नाहीत, कारण तुटलेल्या जोडणीची किंमत निविदा मंजूर करणारा भरत नाही. ती मागच्या फाटकावर उभा असलेला माणूस भरतो.