जयंती साजरी करू, पण हप्ता बुडवून नव्हे!

मार्च महिना लागला की आमच्या वस्त्यांमध्ये जयंतीचे वारे वाहू लागतात. विहाराला रंग लागतो, मंडळाच्या बैठका होतात, पावती पुस्तके छापून येतात. 11 एप्रिलला महात्मा फुले आणि 14 एप्रिलला विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर! हा आमचा सर्वात मोठा सण. ज्यांना शतकानुशतके कोणत्याच सणात मानाने उभे राहू दिले नाही, त्या माणसांनी हा दिवस थाटात साजरा केला तर त्यात गैर काय? जयंतीच्या खर्चावर नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. आम्हाला प्रश्न विचारायचा आहे तो वेगळाच. 14 तारखेच्या रात्री मिरवणुकीत नाचलेल्या घरात 15 तारखेच्या सकाळी काय घडते?

आम्ही हे आमच्याच वस्तीत पाहिले आहे. सकाळी गटाच्या लोनची बैठक असते. हप्तेवाला साहेब वही घेऊन बसलेला असतो. दहा बायका हजर, एक गैरहजर. तिचा हप्ता भरल्याशिवाय कुणालाच उठू दिले जात नाही. मग बाकीच्या बायका शंभर-दोनशे काढून तो भरतात आणि तिच्या दारात जाऊन तोंडाला येईल ते बोलतात. आदल्या दिवशी पांढऱ्या साड्या नेसून एकत्र त्रिसरण-पंचशील घेतलेल्या याच भगिनी! बाबासाहेबांच्या नावाने जमलेली एकजूट दुसऱ्या दिवशी हप्त्यापायी मोडते. आम्हाला सलते ते हेच.

कुणी म्हणेल, जयंतीमुळे समाज कर्जबाजारी झाला. हे खोटे आहे. आमच्या घरांवरचे कर्ज बहुतेक वेळा दवाखान्याचे, मुलांच्या फीचे, लग्नाचे, घराच्या पत्र्यांचे असते. पण कष्टाने फिटत आलेले कर्ज सणाच्या एका महिन्यात पुन्हा कसे उभे राहते, त्याचा हिशेब मांडून पाहू.

समजा, एका घरात नवरा-बायको मिळून महिन्याला 18,000 रुपये कमावतात. दोन कंपन्यांच्या लोनचे हप्ते 7,000. किराणा, भाजी, गॅस, वीजबिल 7,500. शाळा, औषध, येणे-जाणे 2,500. शिल्लक उरते 1,000. आता जयंतीचा खर्च धरा. सर्वांना नवे कपडे 3,500, वर्गणी 1,000, पाहुण्यांचे जेवण 2,000 आणि किरकोळ 1,500. झाले 8,000. शिलकीचे 1,000 घातले तरी 7,000 कमी पडतात. म्हणजे बरोबर एका महिन्याचे हप्ते! ते भागवण्यासाठी वस्तीतल्या सावकाराकडून महिना दहा टक्क्याने 7,000 उचलले, तर दरमहा 700 रुपये नुसते व्याज. पुढच्या जयंतीपर्यंत 8,400 रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे उभे राहते. एक सण झाला, पण वर्षभराचे सुख गहाण पडले. आम्ही हे बाहेरून पाहून सांगत नाही. एका वर्षी आमच्याही घराने हे केले आणि त्या जयंतीचे पैसे दिवाळी उलटून गेली तरी आम्ही फेडत होतो.

तथागत बुद्धांनी याविषयी काय सांगितले आहे? श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. प्रामाणिक कष्टाने मिळवलेली संपत्ती असणे, ती उपभोगणे व सत्कार्यात लावणे, कुणाचेही देणे नसणे आणि निर्दोष आचरण असणे. यातले तिसरे ते अनणसुख, म्हणजे ऋणमुक्तीचे सुख. भगवंतांनी त्याला स्वतंत्र सुख म्हटले, ही गोष्ट आम्ही उपासक-उपासिकांनी नीट समजून घेतली पाहिजे. व्यग्घपज्ज सुत्तात ते समजीविकेचा उपदेश करतात. तराजू धरणारा जसा पारडे कुठे झुकले ते पाहतो, तसे गृहस्थाने आय आणि व्यय पाहावा. व्ययाचे पारडे जड होऊ देऊ नये. घरखर्चाची वही लिहिणे हेही धम्माचेच आचरण आहे.

आणि बाबासाहेब? त्यांनीही कर्ज घेतले होते. 1920 मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेली पुंजी, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेली उसनी रक्कम यांच्या बळावर. तिथे त्यांनी अर्धपोटी राहून अभ्यास केला. इकडे माता रमाईंनी काटकसरीने संसार ओढला. त्याच तपश्चर्येतून 1923 साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ आला. त्यांचे कर्ज विद्येसाठी होते. रुपयाचा प्रश्न जगाला समजावून सांगणाऱ्या महामानवाच्या जयंतीला आमचा रुपया सावकाराच्या खिशात जावा काय?

मग करायचे काय? आम्हाला सुचते ते असे.

हप्त्याचे पैसे हातात आल्याबरोबर बाजूला काढा. जयंतीची खरेदी त्यानंतर. जयंतीचा आकडा नवरा-बायको-मुलांनी मिळून ठरवावा, वहीत लिहावा आणि तो संपला की थांबावे. वरच्याच घराने मे महिन्यापासून दरमहा 250 रुपये डब्यात टाकले, तर एप्रिलपर्यंत 3,000 होतात. मुलांचे कपडे 1,500, वर्गणी 300, खीर व जेवण 700, पुस्तक 200, किरकोळ 300. मोठ्यांनी मागच्याच वर्षीचे पांढरे कपडे धुऊन, इस्त्री करून घालावेत. जयंती पूर्ण होते आणि एक पैसाही उसना लागत नाही. शिलकीतले उरलेले 750 सर्वात महाग व्याजाच्या कर्जात भरा.

सणाच्या तोंडावर हप्तेवाला ‘टॉप-अप’ देऊ करील, मोबाईलवर पाच मिनिटांत लोन मिळेल. नाही म्हणा. हप्ता खरोखरच चुकणार असेल तर तोंड लपवू नका, आधी जाऊन सांगा आणि आपले हक्क ओळखा. रिझर्व्ह बँकेने 2022 साली घातलेल्या नियमांनुसार घरावरच्या सर्व कर्जांचे एकूण हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होतील असे नवे गटाचे कर्ज देता येत नाही. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ व धमकी तर मुळीच नाही. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

शेवटी मंडळाच्या कार्यकर्त्यांना आमची कळकळीची विनंती आहे. घरटी वर्गणीचा ठरावीक आकडा लादू नका. कुणी 50 रुपये दिले तरी तितक्याच आदराने पावती फाडा. कमी देणाऱ्याचे नाव फलकावर लावू नका; लावायचा असेल तर जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावा. एका रात्रीच्या डीजेचे भाडे कमी करून विहारात वर्षभर हिशेबाचा वर्ग चालवा, बायकांची लोन-कार्डे वाचून द्या.

यंदाची जयंती कशी झाली, हे मिरवणुकीच्या लांबीवरून आम्ही ठरवणार नाही. 15 एप्रिलच्या सकाळी आमच्या वस्तीत कुणा माऊलीला हप्तेवाल्याला पाहून दार लावून घ्यावे लागले नाही, तरच आम्ही म्हणू की जयंती थाटात झाली.

जयभीम!