चाकाचे नट

गेल्या अंगारकीला आम्ही हसनाबादहून राजूरच्या गणपतीला निघालो. पुढच्या चाकांचे ब्रेक-पॅड आदल्याच दिवशी बदलून आणले होते. गाव सुटतं न सुटतं तोच डाव्या चाकातून टकटक ऐकू येऊ लागली. ‘खडा अडकला असेल,’ आमचे ‘हे’ म्हणाले. मी हट्टानं गाडी थांबवायला लावली. पाहतो तो चारपैकी दोन नट नुसत्या हातानं फिरताहेत! मागच्या सीटवर मुलं होती हो.

आता मी गॅरेजात स्वतः उभी राहते. नट आधी हातानं बसवायचे, मग पान्यानं समोरासमोरचे आवळायचे. ओळीनं आवळले तर चाक तिरपं बसतं. शेवटचा आवळा चाक जमिनीला टेकल्यावर, पण पान्यावर उभं राहून नव्हे. त्यानं बोल्ट ताणला जातो. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पुन्हा तपासायचे.

पॅड डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. आणखी एक, नवे पॅड घातल्यावर पेडल पहिल्यांदा पार खाली जातं. ते कडक लागेपर्यंत दाबून घ्यायचं, मगच गाडी हलवायची.

ह्यांचं मात्र अजून म्हणणं, आवाज खड्याचाच होता.