श्यामच्या आईला सोशिक म्हणण्याआधी

'श्यामच्या आईचे स्वभावचित्र रेखाटा.' मराठीचा शिक्षक म्हणून जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत मिळून मी तीसेक वर्षे काढली, आणि या एका प्रश्नाची किती उत्तरे वाचली याची गणती नाही. उत्तर ठरलेले असते. श्यामची आई प्रेमळ होती, कष्टाळू होती, सोशिक होती, स्वाभिमानी होती, तिने श्यामवर चांगले संस्कार केले. पाच विशेषणे, प्रत्येकाखाली दोन ओळींचा प्रसंग आणि शेवटी 'अशा प्रकारे'ने सुरू होणारा एक परिच्छेद. गावागणिक फरक पडायचा तो विशेषणांच्या क्रमात. पारोळ्याकडे 'कष्टाळू' आधी, साक्रीकडे 'प्रेमळ' आधी. तिथल्या दुकानात कोणते गाइड येते त्यावर ते अवलंबून असे.

यातले एकही विशेषण खोटे नाही. पण याला स्वभावचित्र म्हणायचे, तर रेशनकार्डाला घराण्याचा इतिहास म्हणावे लागेल. आणि मुलांना तरी काय बोल लावायचा? मोठी माणसे व्यासपीठावरून बोलतात तेव्हा याहून वेगळे काय करतात? बहिणाबाई म्हटले की 'निसर्गकन्या', बालकवी म्हटले की पुन्हा निसर्गच, 'कोसला' म्हटली की 'तुटलेपण'. शब्द भारदस्त झाले, रीत तीच राहिली. पात्राला एक चिठ्ठी चिकटवायची आणि पुढच्या पात्राकडे वळायचे.

याहून फार चांगला वर्ग आपल्याच खानदेशात एकदा भरला होता. तो शाळेत नव्हे, तुरुंगात भरला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवर बोलले. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली, १९ जूनला शेवट. दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवारांत अठरा अध्याय. विनोबा तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. समोर बसून ते सगळे उतरवून घेत होते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली नोकरी १९३० मध्ये सोडून चळवळीत उतरलेले बत्तीस वर्षांचे साने गुरुजी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आले ते त्यांच्या लेखणीमुळे. ते धार्मिक पुस्तक म्हणून आपण देवघराजवळच्या फळीवर ठेवतो. मला मात्र त्याचा पहिला अध्याय नेहमी मराठीच्या शिक्षकाने वाचण्याजोगा वाटत आला आहे. कारण त्यात विनोबांनी सर्वांत आधी काय केले असेल, तर अर्जुनाचे स्वभावचित्र रेखाटले.

अर्जुन धनुष्य टाकून बसला. का बसला? एक उत्तर असे की तो घाबरला. विनोबा हे मानत नाहीत. ज्याने आयुष्यभर लढाया मारल्या तो ऐन वेळी मरणाला कसा भिईल? दुसरे उत्तर असे की त्याच्या मनात अहिंसा जागी झाली. ती गांधीजींची माणसे होती, तुरुंगात होती; हे उत्तर त्यांना किती गोड लागले असते! विनोबा तेही नाकारतात. अर्जुन बोलतो ते शब्द अहिंसेचे आहेत, पण बोलवणारा वेगळाच आहे. यासाठी त्यांनी एका न्यायाधीशाचा दृष्टान्त दिला. शेकडो गुन्हेगारांना त्याने फाशी दिली. एके दिवशी स्वतःचाच मुलगा आरोपी म्हणून समोर उभा राहिला, तेव्हा त्याला एकाएकी सुचू लागले की फाशीची शिक्षा माणुसकीला धरून नाही. त्याचा युक्तिवाद कदाचित खरा असेल. पण मुलगा नसता तर तो सुचला असता का? समोर भीष्म-द्रोण नसते, कोणी परके असते, तर अर्जुनाने खुशाल त्यांची मुंडकी उडवली असती. आणि रागाच्या भरात रानात जाऊन संन्यासी झाला असता, तर तिथे हरणे मारू लागला असता. माणसाचा पिंड वेश बदलून सुटत नाही.

हे आहे पात्राचे विश्लेषण! पात्र काय बोलते एवढ्यावर विसंबायचे नाही. ते कुठे उभे राहून बोलते, त्याच्या समोर कोण आहे, कालपर्यंत ते कसे वागत होते आणि या क्षणी त्याचे काय जाणार आहे, हे विचारायचे. मी मनाशी याला 'धुळ्याचा प्रश्न' म्हणतो. याच प्रवचनात विनोबा व्यासांविषयीही सांगून जातात. महाभारतात कोणी निव्वळ पांढरा नाही की निव्वळ काळा नाही. भीष्म-युधिष्ठिरांचे दोष झाकलेले नाहीत आणि कर्ण-दुर्योधनांचे गुणही लपवलेले नाहीत. विशेषणांची यादी करणाऱ्याला महाभारत परवडणारच नाही.

या रविवारांनंतर आठ महिन्यांनी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि पाच दिवसांत बहुतेक भाग हातावेगळा केला. एका तुरुंगातले सूत दुसऱ्या तुरुंगातल्या पुस्तकाला जोडायचा मोह आवरलेला बरा. पण अठरा रविवार तो प्रश्न ज्यांनी कानांनी ऐकला आणि हातांनी लिहिला, त्यांच्याच पुस्तकाला आपण तो विचारत नाही, ही गोष्ट मला खटकते.

विचारून पाहू. श्याम पोहायला जायला भितो आणि घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिमटीने मारते आणि पाठवते. 'प्रेमळ' या खणात ही शिमटी कशी बसवायची? गाइडे म्हणतात, प्रेमापोटी मारले. बरोबर, पण एवढेच नाही. गावातली पोरे आपल्या मुलाला भित्रा म्हणतील, हे तिला सोसवत नाही. ज्या घरातून जमीनजुमला हळूहळू निसटत चालला आहे त्या घरातल्या बाईजवळ नाव तेवढे उरते, आणि ते ती जिवापाड राखते. तिच्या प्रेमात गावाची नजर मिसळलेली आहे. यात कमीपणा कसला? आपल्या सर्वांच्या आयांच्या प्रेमात ती मिसळलेली असते.

पण खरा ऐवज कर्जाच्या प्रकरणांत आहे. श्यामचे वडील खोतांच्या घराण्यातले. कोकणातला खोत म्हणजे गावचा सारा गोळा करणारा वतनदार. आपल्याकडच्या पाटीलकीसारखाच त्याचा तोरा. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, वैभव गेले, कर्ज वाढत गेले. आई नवऱ्याला सांगते, जमिनीचा तुकडा विकून टाका आणि या ऋणातून मोकळे व्हा. वडील ऐकत नाहीत. त्यांना जमीन म्हणजे नुसते पीक नव्हे, ती दारावरची पाटी आहे. ती उतरवायची कशी? मग व्याज चढत जाते, सावकाराचा माणूस दारात येऊन नको ते बोलतो, आणि इतकी वर्षे गप्प राहिलेली ही बाई उसळून उठते. पुढे गावात जप्तीची दवंडी पिटली जाते. आई अंथरुणाला खिळते, आणि श्याम घरी पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आता सांगा, या घरात हिशेब कोणाला कळत होता? सगळ्या पुस्तकात आकड्यांची रोखठोक समज असलेले एकच माणूस आहे आणि ते चुलीपाशी बसलेले आहे. ती म्हणाली ते वेळेवर झाले असते तर बाकीचे सोसणे तिच्या वाट्याला आलेच नसते. सोशिकपणा हा तिचा स्वभाव नव्हे, ती तिची अडचण आहे. सल्ला देऊन झाल्यावर आणि तो मोडला गेल्यावर जे उरते त्याला आपण सोशिकपणा म्हणतो, आणि वर त्याचे गुण देतो. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला, त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. तो पाहून आलेल्या पिढीला वनमालाबाईंचा चेहरा आठवतो, डोळ्यांतले पाणी आठवते. हिशेब आठवणारे क्वचित भेटतात.

हे मला एका मुलीने शिकवले म्हटले तरी चालेल. एरंडोलच्या बाजूची शाळा, वर्ष कापसाला भाव नसलेले. गृहपाठात सगळ्यांनी पाच विशेषणे लिहून आणली. हिने एकच वाक्य लिहिले होते, की आई आधीच सांगत होती. मी तिला उभे करून विचारले, काय सांगत होती? ती म्हणाली, "सर, वावर विका म्हणून." मागच्या बाकावरचा एक जण लगेच बोलला, "वावर इकलं तं मंग खायाचं काय?" "समदं नाही म्हटलं तिनं. एक तुकडा म्हटलं." मग जी जुंपली ती दोन तास चालली. सोसायटीचे कर्ज, बियाण्याचे पैसे, बहिणीच्या लग्नाला काढलेली रक्कम, सगळे त्या वर्गात आले. जमीन विकू नये म्हणणाऱ्यांची बाजूही दुबळी नव्हती. गेलेले वावर परत येत नाही, हे त्या पोरांनी घरोघर पाहिलेले होते. म्हणजे श्यामच्या वडिलांनाही वकील मिळाले! शेवटी ती मुलगी म्हणाली, "आमच्या घरी बी आईच सांगते," आणि खाली बसली. मग कोणी काही बोलले नाही.

गुणदानाच्या तक्त्यात या उत्तराला जागा नाही. तक्ता मुद्द्यांवर गुण देतो आणि मुद्दे गाइडात असतात. पण त्या दिवशी वर्गातल्या चाळीस मुलांनी आपल्या घरातल्या एका माणसाकडे थोडे निराळ्या नजरेने पाहिले असेल, तर कथा-कादंबऱ्या शिकवायच्या त्या याचसाठी, असे माझे मत आहे. 'श्यामची आई सोशिक होती' हे वाक्य निरुपद्रवी नाही. ते वर्षानुवर्षे घोकून मोठी झालेली मुलगी सासरी गेल्यावर, आपण सांगितलेले कोणी ऐकत नाही याला गुण समजू लागते. आणि मुलगा न ऐकण्याला.

माझ्या एका मित्राला, धुळ्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना, हे पटत नाही. "मास्तर, तुम्ही आता आईलाही कोर्टात उभी करणार," असे ते म्हणाले. त्यांचे भय मी समजू शकतो. प्रत्येक चांगल्या वागण्यामागे स्वार्थ हुडकायची खोड लागली की वाचन म्हणजे चहाड्या होतात, आणि अशी समीक्षाही आपल्याकडे कमी नाही. पण विनोबांनी अर्जुनाला असे तपासले ते त्याची फजिती करायला नव्हे. मोह कुठला हे कळल्याशिवाय औषध कुठले द्यायचे ते कळत नाही, म्हणून तपासले. गीतेवर ज्यांची एवढी श्रद्धा, त्यांना श्रीकृष्णाच्या सख्याला असे प्रश्न विचारताना संकोच वाटला नाही; आपण श्यामच्या आईपुढे इतके का बिचकावे? देव्हाऱ्यात ठेवलेल्या मूर्तीला कोणी सल्ला विचारीत नाही, ही तर त्या बाईची मूळ तक्रार होती.

बहिणाबाईंचेही आपण हेच केले. असोद्याची ही अक्षरओळख नसलेली शेतकरीण १९५१ मध्ये गेली, दुसऱ्या वर्षी तिच्या कविता पुस्तकरूपाने आल्या, २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव मिळाले. या सगळ्यात 'समाधानी, सोशिक, भूमिकन्या' असे एक चित्र पक्के झाले. पण ऐन उमेदीत वैधव्य आलेली ही बाई एका कवितेत ज्योतिषाला दारातून परत पाठवते, ते कुठल्या समाधानातून? तिथे दुःख आहे, आणि पुढच्या दैवाचा सौदा करायला साफ नकारही आहे. 'भूमिकन्या' शब्दात तो नकार मावत नाही.

आणि 'कोसला'. १९६३ साली ती आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, पैसे उधळतो, नापास होतो, गावी परततो. यावर अस्तित्ववादाची चिठ्ठी इतक्या वेळा चिकटवली गेली आहे की खालचा मुलगा दिसेनासा झाला. धाकट्या मनीच्या मृत्यूपाशी त्याचा मस्करीचा सूर टिकत नाही, तिथे तो दिसतो. पण धुळ्याचा प्रश्न तिथे थांबू देत नाही. ही सगळी हकिकत सांगतो कोण? पांडुरंगच. वडिलांचा राग, वडिलांचा व्यवहारीपणा, वडिलांचा गावातला रुबाब हे सगळे आपण ऐकतो ते त्यांच्याच पैशावर पुण्यात राहिलेल्या मुलाच्या तोंडून. तो ते इतके मजेदार सांगतो की आपण लगेच त्याच्या बाकावर जाऊन बसतो. अर्जुनाचे बोलणेही असेच पटण्यासारखे होते.

त्या वडिलांचे स्वभावचित्र रेखाटा, असा प्रश्न कुठल्या परीक्षेत आलेला माझ्या पाहण्यात नाही.