फ्यूज उडाला : दोष कोणाचा?

मोटारसायकल एकाएकीं मुकी व्हावी, दिवा लागूं नये, हॉर्न वाजूं नये, आणि पेटी उघडून पाहतां आंतील फ्यूज उडालेला दिसावा, हा अनुभव पुष्कळ कुटुंबांस आहे. अशा वेळीं घरांतील एखादा तरुण उडालेल्या फ्यूजवर चॉकलेटच्या वेष्टनांतील चंदेरी कागद गुंडाळतो. गाडी सुरू होते, आणि वडील मंडळी त्याच्या हुशारीचें कौतुक करतात. हें कौतुक केव्हां केव्हां फार महाग पडतें.

फ्यूज हा वाड्याच्या देवडीवरील पहारेकरी होय. आजच्या बहुतेक मोटारसायकलींची बॅटरी १२ व्होल्टांची असते. ६० वॅटचा दिवा तिजपासून ५ अँपिअर प्रवाह घेतो, व १० अँपिअरचा फ्यूज तो सुखानें वाहूं देतो. परंतु तारेचें वेष्टन झिजून आंतील तांबें गाडीच्या सांगाड्यास टेकलें, तर गोष्ट निराळी होते. सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेला असल्यामुळें प्रवाहास जवळची वाट सांपडते. यासच शॉर्ट सर्किट म्हणतात. या वाटेंतील रोध ०.१ ओहम इतकाच उरला, तर ओमच्या नियमाप्रमाणें १२० अँपिअरपर्यंत प्रवाह धांवूं पाहतो. फ्यूज तेथेंच वितळून वाट बंद करतो. त्याच्या जागीं चंदेरी कागद किंवा जाड तार घातली, म्हणजे फ्यूजऐवजीं गाडीची तारच तापते, वेष्टन पेटतें. आणि पेट्रोलची टांकी तेथून वीतभर अंतरावर असते!

तेव्हां पहारेकरी बदलण्यापूर्वीं चोर शोधावा. काचेच्या नळीचा फ्यूज आंतून काळवंडला असेल, तर बहुधा शॉर्ट सर्किट समजावें. तार मधोमध शांतपणें वितळली असेल, तर भार थोडा पण सतत अधिक झाला असावा. मागून बसविलेला मोठा हॉर्न किंवा मोबाइल चार्जर असल्यास प्रथम त्याकडेच पाहावें.

शोधाची रीत सोपी आहे. किल्ली बंद करून बॅटरीचें ऋण टोंक आधीं सोडवावें. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांमध्यें १२ व्होल्टांचा, २१ वॅटचा इंडिकेटरचा दिवा तारांनीं जोडावा. मग ऋण टोंक पुन्हा लावून किल्ली फिरवावी. इतर दिवे बंद असावेत. हा दिवा पावणेदोन अँपिअरांहून अधिक प्रवाह जाऊं देत नाहीं, म्हणून तारा सुरक्षित राहतात. तो पूर्ण तेजानें पेटला, तर शॉर्ट कायम आहे. आतां एकेक जोड सुटा करीत जावें; ज्या जोडापाशीं दिवा मंदावेल किंवा विझेल, त्या शाखेंत दोष आहे. ब्रेक दाबतांच तो प्रखर होत असेल, तर ब्रेकच्या दिव्याची तार तपासावी. मंद उजेडाची चिंता नको. तो नेहमींच्या उपकरणांनीं घेतलेला वाटा असतो.

दोष दडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. हँडल वळतांना तारा जेथें मुडपतात ती मान, सीटखालील कोपरा, सायलेन्सरजवळचा तप्त भाग, व मागच्या मडगार्डखालील चिखल लागणारी तार. उंदीरही तारा कुरतडतात. उघडी तार सापडल्यास ती झाळून, उष्णतेनें आवळणारी नळी चढवून, धारेपासून दूर बांधावी.

शेवटीं फ्यूज घालावा तो गाडीच्या पुस्तिकेंत लिहिलेल्या मापाचाच. पात्याच्या फ्यूजमध्यें १० अँपिअरचा तांबडा, १५ चा निळा व २० चा पिवळा असतो. त्याच मापाचे दोन फ्यूज गाडींत ठेवावेत. नवाही उडाला, तर तिसरा घालण्याऐवजीं पुन्हा शोध घ्यावा, किंवा जाणत्या कारागिराकडे जावें.

तात्पर्य, फ्यूज उडतो तो आपल्या हितासाठीं. इशारा देणाऱ्याचें तोंड बंद केल्यानें संकट टळत नाहीं. तें फक्त न सांगतां येतें.