दोन धावपट्ट्यांच्या मध्ये

नांदेड आणि लातूर या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. लहान प्रवासी विमानाला ते कापण्यास वीसएक मिनिटे पुरावीत. लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्याने मोटारीला सुमारे तीन तास लागतात. रेल्वेने जावे तर सरळ मार्गच नाही; पूर्णा, परभणी, परळी असा वळसा घालून लातूर रोड गाठावे लागते. या दोन धावपट्ट्यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात जळकोट आहे. १९९९ साली त्याला तालुक्याचा दर्जा मिळाला. रेल्वे अद्याप मिळालेली नाही.

इतक्या जवळ दोन विमानतळ कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्रापेक्षा राजकारणात अधिक सापडते. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला मुख्यमंत्री दिले. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे हवेच, ही ईर्षा २००९ साली महसूल आयुक्तालयाच्या वादात उघडी पडली. त्याच वर्षी औद्योगिक विकास महामंडळाने नांदेड व लातूरसह पाच विमानतळ अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहातील कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. भांडण दोन जिल्ह्यांचे, भाडेकरू मात्र एकच!

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यासाठी देशभरातून यात्रेकरू येतात, म्हणून तेथील विमानसेवेला काही आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची जी पहिली विमाने सुटली, त्यांत नांदेड–हैदराबाद हे एक होते. तासाभराच्या प्रवासाच्या काही आसनांना अडीच हजार रुपयांची मर्यादा घालून कंपनीची तूट भरून द्यायची, त्यात राज्यानेही वाटा उचलायचा, अशी ही रचना. तूट भरूनही ती सेवा चालविणारी कंपनी पुढे बंद पडली.

प्रवासात वाचलेल्या वेळेचे मोल ठरविताना नियोजनकार सामान्यतः प्रवाशाच्या मिळकतीचा हिशेब धरतात. अधिकाऱ्याचा तास महाग, ऊसतोड मजुराचा स्वस्त! या गणितात जळकोटच्या फाट्यावर एस. टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या बाईची दुपार जवळजवळ फुकट ठरते. २०२१-२२ च्या एस. टी. संपात महिनोन्‌महिने गाड्या थांबल्या तेव्हा तिच्या वेळेचा हिशेब कोणी मांडला? प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली अनुशेष मोजला तो जिल्हा हे एकक धरून. जिल्ह्याच्या सरासरीत कोपऱ्यातला तालुका दडून जातो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी विमानतळ झाला की तोही ‘विकसित’ गणला जातो.

विमान आले की उद्योग येतात, असे सांगितले जाते. लातूरची बाजारपेठ आणि तेथील शिक्षणाचा पसारा वाढला तो मात्र एस. टी.ने आणि रेल्वेने आलेल्या शेतकऱ्यांच्या व विद्यार्थ्यांच्या बळावर. जळकोटमार्गे लातूर रोड–बोधन रेल्वेची मागणी जुनी आहे. गोविंदभाई श्रॉफ यांच्या मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदमापी रेल्वेसाठी रस्त्यावर उतरून लढा दिला होता, विमानासाठी नव्हे.

दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या शाखांनी या मागणीवर तरी एकत्र यावे. त्याआधी जळकोट, मुखेड, कंधार येथील कार्यकर्त्यांनी आठवडाभर बसस्थानकावर उभे राहून कोणती गाडी किती उशिरा आली, कोणती आलीच नाही, याची नोंद करावी आणि ती आगारप्रमुखांपुढे ठेवावी.